ऋण, पत आणि योबेलाचें वर्ष

आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव आपण मोठ्या आनंदानें साजरा करीत आहों. ख्रिस्तमंदिर शृंगारलें आहे, घरोघर पाहुणे आले आहेत, आणि या स्मरणिकेचीं पानें गेल्या पन्नास वर्षांतील उपकारांच्या आठवणींनीं भरलीं आहेत. अशा मंगल प्रसंगीं कर्जासारखा रुक्ष विषय कां काढावा, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या शब्दावरून ‘ज्युबिली’ हें नांव आलें, त्या योबेलाचा मूळ संबंध कर्ज व दारिद्र्य यांच्याशींच आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे. गरिबीमुळें विकावी लागलेली वडिलोपार्जित जमीन त्या वर्षीं मूळ कुळाकडे परत जावी, व दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या ताबेदारींत गेलेला बांधव आपल्या घरीं परतावा, असा तो विधि होता. तेव्हां ज्युबिली म्हणजे केवळ मेजवानी नव्हे. तें हिशेब साफ करण्याचें वर्ष होय. म्हणून आपला महाराष्ट्र देश कर्जाचा धडा किती दुःख सोसून शिकला, त्याचा थोडा इतिहास आम्ही येथें मांडीत आहों.

पूर्वीं सावकार नव्हते असें नाहीं. बियाणें, बैलजोडी, लेकीचें लग्न, पावसानें दिलेला दगा, अशा हरएक प्रसंगीं कुणब्याला सावकाराचें दार ठोठवावें लागेच; आणि कुणब्यावांचून सावकाराचेंही चालत नसे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता, व गांवच्या लोकलज्जेचाही दोघांवर कांहीं धाक असे. इंग्रजी अमलांत ही घडी विसकटली. सारा रोख रकमेंत व ठरल्या हप्त्यांनीं भरावा लागूं लागला. मग पीक हातीं असो वा नसो. १८५५ च्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील बंधनें उठलीं. पुढें १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. हेतु असा कीं, जुनें कर्ज सांचत राहून ऋणको बुडूं नये. झालें मात्र उलट. मुदत सरण्यापूर्वीं सावकार नवा रोखा लिहून मागे, आणि त्यांत मुद्दल व थकलेलें व्याज मिळून जी रक्कम होई, तीच नवें मुद्दल म्हणून मांडली जाई. एकदां व्याज मुद्दलांत मिसळलें, कीं दामदुपटीचा नियम असून नसल्यासारखा झाला.

याचा परिणाम आंकड्यांनींच समजून घ्यावा. समजा, एका मनुष्यानें शंभर रुपये दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले आणि कांहींच फेडलें नाहीं. तीन वर्षांनीं व्याज बहात्तर रुपये झालें. नवा रोखा एकशें बहात्तरांचा. सहा वर्षांनीं तोच रोखा दोनशें पंचाण्णवांवर गेला, आणि नऊ वर्षांनीं पांचशें आठांवर. घरांत मात्र शंभर रुपयांपलीकडे एक पैही आलेली नसे. ज्याला वाचतां येत नाहीं, तो दर तिसऱ्या वर्षीं निशाणी करी, आणि आपण जुनेंच कर्ज पुढें चालवीत आहों अशा समजुतींत राही.

त्यांतच कापसाची तेजी आली. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्याकडील कापसाला अपूर्व भाव आला. सावकार मागेल त्याला पैसा देऊं लागले. घेणाऱ्यांसही वाटलें, हा भाव असाच राहील. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि तेजीच्या भरंवशावर काढलेलें कर्ज मंदींत फेडण्याची पाळी आली. तशांत १८६७ पासून पुण्याच्या कांहीं तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन तो बराच वाढला. ज्या वेळीं पैशाची गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच वेळीं सावकारांनीं हात आंखडला. सुखाच्या दिवसांत जो पैसा दारीं चालून येतो, तो संकटांत पाठ फिरवितो. पतीचा हा स्वभाव आपले पूर्वज या रीतीनें शिकले.

१८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस, भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं लोकांचा उद्रेक झाला. सावकारांच्या दुकानांवर जमाव चालून गेला, आणि पाहतां पाहतां हा वणवा पुणें व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गांवांत पसरला. लूट झाली, कांहीं घरें जळलीं. त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. लोकांचा रोख माणसांवर क्वचितच होता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे व वह्या. पुष्कळ ठिकाणीं कागद हातीं येतांच ते जाळले गेले व जमाव पांगला. ज्या कागदांतील एक अक्षरही आपणांस कळत नाहीं, त्यांनींच आपली शेतें गिळलीं, हें त्या निरक्षर लोकांना पुरतें उमगलें होतें.

पुढें सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. कुणबी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असें तेव्हांही म्हटलें जाई. मंडळानें मात्र असा निर्वाळा दिला कीं, या कारणाला वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. कर्जांत बुडालेल्या मनुष्यास दोष देणें सोपें असतें. तो कसा बुडाला तें पाहणें अवघड असतें. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. न्यायाधीशानें रोख्यावर न थांबतां मूळ व्यवहारापासूनचा हिशेब तपासावा, शेतकऱ्याचा रोखा सरकारी निबंधकासमोर लिहिला जावा, सावकारानें पावती द्यावी व मागितल्यास वार्षिक हिशेब द्यावा, कर्जासाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये, अशीं कलमें त्यांत आलीं. कर्जदाराला आपला हिशेब कळला पाहिजे, हें तत्त्व अखेर कायद्यानें मान्य केलें. तरीही पळवाट निघालीच. गहाणखताऐवजीं थेट खरेदीखत लिहून घेण्याची चाल पडली. कायदा अन्यायाला अटकाव करूं शकतो. परंतु गरजवंताच्या हातीं रास्त दरानें पैसा देणें हें त्याच्या आवांक्यांतलें नव्हे.

ही उणीव पवित्र ख्रिस्तसभेनें फार पूर्वींच ओळखली होती. व्याजखोरीचा ती शतकानुशतकें निषेध करीत आली; पण नुसत्या निषेधानें गरिबाची चूल पेटत नाहीं, हें फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं जाणलें. इटलींतील पेरुजिया नगरांत १४६२ सालीं त्यांच्या प्रेरणेनें दयानिधि उघडला गेला. जिन्नस तारण ठेवून गरिबाला अल्प दरानें तेथें पैसा मिळे. असा दर घेणें धर्माला धरून आहे काय, यावर मोठा वाद माजला. १५१५ सालीं पांचव्या लॅटरन महासभेंत पोप लिओ दहावे यांनीं निर्णय दिला कीं, संस्थेचा खर्च भागविण्यापुरती रक्कम घेण्यांत दोष नाहीं. पुढें १८९१ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं कामगारांविषयींच्या आपल्या सुप्रसिद्ध परिपत्रांत, नवीं रूपें धारण करून आलेल्या व्याजखोरीवर पुनः कोरडे ओढले.

दानाची मर्यादा मात्र जर्मनींतील एका प्रॉटेस्टंट सद्गृहस्थानें सर्वांत स्पष्ट दाखविली. फ्रीडरिख राइफायझन हे एका खेड्याच्या कारभारावर असतां त्यांनीं प्रथम धनिकांच्या औदार्यावर साहाय्यक मंडळें चालविलीं. पण धनिकांचा उत्साह ओसरूं लागला. तेव्हां १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें त्यांनीं निराळी पतपेढी उभारली. कर्ज घेणारेच तिचे सभासद, आणि एकाच्या कर्जाला सर्व जबाबदार. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, त्याला किती झेपेल हें जाणतो. म्हणून अशा पेढींत पैसा सहसा बुडत नसे. १९०४ च्या कायद्यानें हा मार्ग हिंदुस्थानांत खुला झाला. छोटा नागपुरांत येशूसंघाचे धर्मगुरु जॉन हॉफमन यांनीं १९०९ सालीं आदिवासी ख्रिस्ती जनांसाठीं कॅथॉलिक पतपेढी काढली. आणि आपल्या वसईंत १९१८ सालीं मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें जी कॅथॉलिक सहकारी संस्था स्थापन झाली, तिचीच पुढें बँक झाली. ज्यांच्यापाशीं वेगवेगळी पत नव्हती, ते एकत्र आले तेव्हां त्यांची पत उभी राहिली.

आज सावकाराची वही दिसेनाशी झाली आहे. तिची जागा खिशांतल्या फोननें घेतली आहे. घटकाभरांत कर्ज मिळतें, आणि मागल्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठीं पुढचें कर्ज काढणारे तरुण आम्हांस भेटतात. १८५९ नंतरचा नवा रोखा याहून निराळा तो काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तीस नवें कर्ज देतांना बँकांनीं व वित्तसंस्थांनीं सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर दाखविणारें पत्रक, घेणाऱ्यास समजेल अशा भाषेंत, दिलेंच पाहिजे. सुप्याच्या लोकांना जें मिळालें नाहीं, तें आपणांस मिळत आहे. तें न वाचतां सही करणें म्हणजे पुनः निशाणी करणेंच होय.

आणखी एक गोष्ट आम्हां धर्मगुरूंच्या नित्य पाहण्यांतली आहे. कर्जांत रुतलेला मनुष्य प्रथम बोलणें सोडतो, मग देवळाची पायरी सोडतो. लाज त्याला एकटें पाडते, आणि एकट्यालाच कर्ज गिळतें. म्हणून, प्रिय धर्मग्रामवासी बंधुभगिनींनो, या योबेलाच्या वर्षीं आपण दोन गोष्टी कराव्या. प्रत्येक कुटुंबानें एका सायंकाळीं, रोझरीची प्रार्थना झाल्यावर, पतिपत्नींनीं मिळून आपल्या देण्याघेण्याचा हिशेब कागदावर मांडावा. मोठ्या मुलांनाही जवळ बसवावें. आणि ज्याच्या घरीं हा हिशेब जुळत नाहीं, त्यानें लाज सोडून आपल्या शेजाऱ्यास, पतपेढीच्या जाणत्या सभासदास अथवा आपल्या धर्मगुरूस वेळीं सांगावें. ऐकणाऱ्यानें तें मनांत ठेवावें व टोचून बोलूं नये. बंदिवानांस मुक्तता सांगण्यास आलेला प्रभु येशू ख्रिस्त आपल्या घरांतील हीं अदृश्य बंधनेंही तोडो, आणि हा महोत्सव खऱ्या अर्थानें योबेल ठरो, हीच त्याच्या चरणीं आमची प्रार्थना.