सुईपासून गुणाकारापर्यंत

यकृत हा अवयव मोठा सोशीक आहे. त्यात चरबी साठते, काहींच्या बाबतीत तिच्यामुळे दाह होतो, दाहाच्या जागी वण पडतात, आणि वण वाढत जाऊन यकृत निबर होते. तरी माणसाला पुष्कळ काळ काही दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही. आमच्या गोंदियाच्या राईस मिलमधला हमाल, किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई, तर मुळीच जात नाही. कारण दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज. तेव्हा न दुखणारा वण ओळखावा कसा, हा प्रश्न वैद्यांचा आहे तसा मजुरीचाही आहे.

पहिले उत्तर सुईचे होते. जर्मनीत पॉल अर्लिक याने १८८३ साली यकृतात सुई घालून आतला अंश बाहेर काढला. १९५८ मध्ये इटलीच्या मेंगिनीने ही क्रिया एका सेकंदावर आणली आणि ती जगभर रुळली. पण सुईत येणारा तुकडा म्हणजे साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा हिस्सा! पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर धान काढायचे आणि सगळ्या पोत्याचा भाव ठरवायचा, हे आपण बाजारात पाहतोच. त्यात रक्तस्रावाची भीती निराळी.

दरम्यान १९५४-५५ मध्ये न्यूयॉर्कला कार्मेन, लाड्यू आणि रोब्लेव्स्की यांनी दाखवले की हृदयाला किंवा यकृताला इजा झाली की एक एन्झाइम रक्तात वाढते. आपल्या तपासणीच्या कागदावर ‘एस.जी.ओ.टी.’ असे छापतात ते हेच.

१९८० साली अमेरिकेत लुडविग यांनी वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. यकृत दारुड्याचे, पण माणूस दारुडा नव्हे. कामगाराचे यकृत बिघडले की ‘पीत असेल’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. आणि ‘हडकुळ्याला कुठली चरबी’ म्हणणाऱ्यांनी २००४. त्या वर्षी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

गुणाकार आला २००६ साली. स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी तो एच.आय.व्ही. व हेपॅटायटिस सी एकत्र झालेल्या रोग्यांसाठी मांडला. चरबीच्या यकृताला तो पुढे लावला गेला. नाव ‘फिब-फोर’, कारण आकडे चार. वयाला एस.जी.ओ.टी.ने गुणावे, प्लेटलेटच्या हजारांना एस.जी.पी.टी.च्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. वय ५०, एस.जी.ओ.टी. ४८, एस.जी.पी.टी. ३६, प्लेटलेट दोन लाख, तर २४०० भागिले १२००, म्हणजे २. उत्तर १.३० च्या खाली आले तर मोठे वण बहुधा नाहीत, २.६७ च्या वर गेले तर संशय दाट. मधल्याने आणखी तपासणी करावी. प्लेटलेट यात कशाला? निबर यकृतातून रक्त नीट वाहत नाही, ते मागे तुंबून प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात.

ही चाळणी आहे, निकाल नव्हे. ‘तू सुटलास’ हे ती बरे सांगते, ‘तू सापडलास’ हे तितके बरे नाही. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात मलेरिया नवा नाही. वरच्याच माणसाच्या प्लेटलेट तापात लाखावर आल्या, तर बाकी आकडे तेच असूनही उत्तर ४ येईल! म्हणून ताप ओसरल्यावर पुन्हा मोजावे. अतिश्रमाने स्नायूंतूनही एस.जी.ओ.टी. रक्तात उतरते, हे हमालांच्या डॉक्टरांनी विसरू नये. आणि वय गुणाकारातच बसलेले असल्यामुळे पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा १.३० ऐवजी २ धरतात.

केंद्र सरकारने २०२१ साली हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. युनियनच्या कचेरीत कामगार पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवतात, तेव्हा दिसते ते असे, की प्लेटलेट एका कागदावर, एन्झाइमे दुसऱ्यावर आणि वय आधार कार्डावर. नागपूरच्या खेपेआधी हे चार आकडे कोणीतरी एका ओळीत मांडावेत. त्यासाठी तपासणीच्या छापील कागदावर एक रकाना वाढवावा, एवढीच आमची मागणी आहे.