फावल्या वेळचें सूत

जुन्या मराठी घरांत जातें, उखळ आणि रहाट हीं एकाच कुटुंबांतलीं भावंडें होतीं. धान्य जसें घरच्या जात्यावर दळलें जाई, तसेंच कापसाचें सूत घरच्या रहाटावर निघे. पैकीं जातें पुष्कळ दिवस टिकलें, उखळहि टिकलें; रहाट मात्र आधीं माळ्यावर गेला आणि माळ्यावरून बहुधा चुलींत गेला. तो घराबाहेर कसा पडला, आणि पोटाची ओढ नसतांहि केवळ आपखुषीनें त्याला पुन्हां घरांत आणणारीं माणसें कोण होतीं, हा आपल्या सामाजिक इतिहासांतील एक लहानसा, परंतु मनोरंजक अध्याय आहे.

या विषयांत एक भेद आरंभींच ध्यानांत ठेवावा लागतो. विणणें हा जातीचा धंदा होता. कोष्टी, साळी, मोमीन हे तो वंशपरंपरेनें चालवीत. कातणें मात्र कोणा एका जातीचें नव्हतें. तें सर्व घरांचें, आणि विशेषतः स्त्रियांचें काम होतें. एका मागाला जितकें सूत लागे तितकें पुरवावयास अनेक हात लागत. आणि हे हात स्वयंपाक, शेतकाम व मुलेंबाळें यांतून उरलेल्या वेळांत चालत. तेव्हां माग हा व्यवसाय आणि रहाट हा फावल्या वेळचा सोबती, अशी ती जुनी विभागणी होती.

यंत्रयुगाचा घाव या दोघांवर सारखा पडला नाहीं. इंग्लंडांत हारग्रीव्हझची ‘जेनी’, १७६९ सालचें आर्कराइटचें जलचक्र आणि १७७९ चें क्रॉम्प्टनचें ‘म्यूल’ हीं तिन्ही यंत्रें मूलतः कातण्याचीं होतीं. म्हणून प्रथम बुडालें तें कातकाम. विणकरानें गिरणीचें स्वस्त व सारखें सूत मागावर चढविलें आणि तो कसाबसा तगून राहिला. पण कातणारीच्या सुताला मागणीच उरली नाहीं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापड-गिरणीचा उद्योग मांडला. पुढें तर सूतहि देशांतच, परंतु वाफेच्या जोरावर निघूं लागलें. एकदोन पिढ्यांत हातांची सवय मोडली. ज्या विद्येची पोथी नसते, जी आईकडून मुलीकडे केवळ पाहून जाते, ती विद्या मध्यें एक पिढी गळाली कीं नष्ट होते.

अशा काळांत एक पुणेकर गृहस्थ हट्टानें सूत कातावयास बसला. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारा महाराष्ट्र ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखतो, त्यांनीं १२ जानेवारी १८७२ रोजीं स्वतः कातलेल्या सुताचेंच वस्त्र वापरण्याची शपथ घेतली आणि १८८० सालीं देह ठेवीपर्यंत ती पाळली. काका धंद्यानें वकील होते. सूत कातून त्यांना मिळवावयाचें कांहींच नव्हतें. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक सभेच्या वतीनें ते गेले, तेव्हां राजेरजवाड्यांच्या जरतारी पोषाखांत काकांचा पांढरा खादीचा वेष उठून दिसला. आपल्याकडे पोटासाठीं नव्हे तर मनासाठीं कातणारांची जी परंपरा आहे, तिच्या आरंभीं काकांचें नांव घालावें लागेल. परंतु काकांची शपथ त्यांच्या घरापुरती राहिली. घरोघरीं रहाट जाण्यास आणखी चाळीसपंचेचाळीस वर्षें लागावयाचीं होतीं.

ज्यांच्या नांवाशीं चरखा कायमचा जोडला गेला, त्या गांधीजींनीं १९०९ सालीं ‘हिंद स्वराज्य’ लिहिलें तेव्हां चरखा प्रत्यक्ष पाहिलाहि नव्हता. ही गोष्ट त्यांनीं आपल्या आत्मकथेंत मोकळेपणानें सांगितली आहे. १९१५ सालीं अहमदाबादेजवळ कोचरब येथें आश्रम स्थापन झाला, तेव्हां तेथें प्रथम आला तो माग. आश्रमवासी सारे लेखणीचे नाहीं तर व्यापाराचे. कारागीर त्यांत कोणीच नव्हता. शिकविणारा विणकर बाहेरून आणावा लागला. मगनलाल गांधींनीं ती कला झपाट्यानें आत्मसात केली आणि पाठोपाठ इतरहि शिकले. परंतु मागावर चढत होतें तें गिरणीचें सूत! हातानें विणलेलें वस्त्र तयार झालें, तरी त्याचा धागा परावलंबीच राहिला. हातसूत कोठें मिळेना, आणि कातणारें माणूस कोठें दिसेना.

हा शोध अखेरीस एका विधवा बाईनें लाविला. १९१७ सालीं भडोच येथें भरलेल्या शिक्षण परिषदेंत गंगाबाई मजमुदार यांची व गांधीजींची गांठ पडली. गुजरात पालथा घातल्यावर बडोदें संस्थानांतील विजापूर या गांवीं त्यांना चरखे सांपडले. तेथील कित्येक कुटुंबांनीं ते अडगळ म्हणून माळ्यावर टाकून दिले होते. कोणी पेळू आणून देईल आणि निघालेलें सूत विकत घेईल, तर आम्ही पुन्हां कातूं, असें तीं मंडळी म्हणालीं. पेळूंची सोय प्रथम मुंबईच्या उमर सोबानींच्या गिरणींतून झाली. पण गिरणीच्या पेळूंनीं हातसूत काढणें हेंहि अर्धवटच, म्हणून महिना पस्तीस रुपये पगार देऊन पिंजारी ठेवण्यांत आला. आश्रमांत निघालेल्या पहिल्या खादीला वाराला सतरा आणे खर्च आला. तिचा पन्हा इतका अरुंद कीं धोतर नेसणें कठीण. शेवटीं पंचेचाळीस इंची पन्ह्याचें धोतर एका महिन्यांत मिळालें पाहिजे, असा हट्ट धरून गंगाबाईंकडून तें विणवून घ्यावें लागलें.

मुंबईंत गांधीजी ज्या मणिभवनांत उतरत तेथेंहि चरखा फिरूं लागला. शिकावयास बसलेल्या स्त्रियांत एक मराठी नांव ठळक आहे. तें अवंतिकाबाई गोखले यांचें. चंपारण्यांत ज्या स्वयंसेवकांनीं काम केलें त्यांत त्या होत्या, आणि १९१८ सालीं लोकमान्यांच्या प्रस्तावनेसह निघालेलें गांधीजींचें मराठी चरित्र त्यांच्याच लेखणीचें. गांधीजींच्या वाढदिवसाला स्वतः कातलेल्या सुताचें धोतर पाठविण्याचा परिपाठ त्यांनीं ठेवला होता.

असें एक धोतर म्हणजे किती श्रम, याचा अंदाज साध्या हिशेबानें येतो. चार वार लांब व पंचेचाळीस इंच पन्ह्याचें धोतर घेतलें आणि इंचाला ४० उभे व ४० आडवे धागे धरले, तर ताण्याला ७,२०० वार आणि बाण्याला तितकेंच, मिळून १४,४०० वार सूत लागतें. तासाला ३०० वार कातणाऱ्या हाताला यासाठीं ४८ तास बसावें लागेल. जी गृहिणी रोज अर्धा तासच काढूं शकते, तिचे ९६ दिवस, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, एका धोतरांत गुंफले जातात. यांत तुटलेला धागा धरलेला नाहीं, आणि कापूस लोढण्याचा व पिंजण्याचा वेळहि धरलेला नाहीं.

आणि खरें पाहतां कौशल्य तेथूनच सुरू होतें. सरकी नीट निघाली नाहीं, पिंजण्यांत गांठी राहिल्या, पेळू सैल वळला गेला, कीं उत्तम हाताचेंहि सूत बिघडतें. उजवा हात चाक फिरवितो आणि डावा हात पेळू मागें ओढतो. दोहोंचा मेळ बसला तर धागा अखंड निघतो. ओढ अधिक झाली तर तो तुटतो, पीळ अधिक बसला तर त्याला आढ्या पडतात. माळ ढिली होते, चाती किंचित् वांकते, आणि मग चरखा कुरकुरूं लागतो. नवशिक्याचें सूत एके ठिकाणीं सुतळीसारखें आणि पुढें कोळ्याच्या जाळ्यासारखें! कातलेलें सूत फाळक्यावर गुंडाळावयाचें. चार फुटांचा एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी, असें माप पुढें रूढ झालें. सुताचा अंक ठरतो तो एका रतलांत ८४० वारांच्या किती लडी बसतात त्यावरून. सोळा अंकाचें सूत एक रतल भरावयास १३,४४० वार कातावें लागतें.

हें सूत शेवटीं जाई विणकराकडे, आणि तेथें खरी परीक्षा होई. गिरणीचें सूत मागावर सुरळीत चालतें. हौशी कातणाराचें सूत पाजणींतच तुटूं लागे, फणींत अडके, आणि धोट्याच्या प्रत्येक फेऱ्याला विणकरास थांबावें लागे. त्याची मजुरी वारावर. तेव्हां दुसऱ्याच्या देशभक्तीचा दंड आपल्या पोटाला कां, असा त्याचा सवाल असे. तो सवाल रास्तच होता. म्हणूनच सुताचा कस, समानता व पीळ यांची मोजदाद सुरू झाली. मगनलालांनीं या विद्येची शास्त्रशुद्ध मांडणी केली. त्यांचें ‘चरखाशास्त्र’ हें पुस्तक त्याच खटपटीचें फळ होय. जी विद्या आईच्या मांडीशीं बसून शिकावयाची, ती आतां ग्रंथांतून शिकविणें प्राप्त झालें होतें.

हौस आणि सक्ती यांचें सूत जुळत नाहीं, हेंहि याच काळांत दिसून आलें. १९२४ च्या डिसेंबरांत बेळगांवीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें आणि सभासदत्वाची वर्गणी म्हणून पैशांऐवजीं दरमहा २,००० वार सूत द्यावें असें ठरलें. वर्षाचे हे २४,००० वार म्हणजे वरील हिशेबानें पावणेदोन धोतरांहूनहि कमी. परंतु ज्यांना कातण्याची इच्छा नसेल त्यांना दुसऱ्याचें सूत देण्याची मोकळीक ठेवावी लागली आणि पुष्कळांनीं ते विकत घेऊन दिलें. वर्षाच्या आंतच, १९२५ च्या सप्टेंबरांत, पाटण्यास नियम सैल करून चार आणे अथवा स्वतः कातलेलें २,००० वार सूत, असा पर्याय ठेवण्यांत आला. त्याच बैठकींत अखिल भारत चरखा संघाचा जन्म झाला. राजकारणाच्या दारांतून सूत मागें सरलें आणि त्याला स्वतःचें घर मिळालें.

त्याच महिन्यांत रवींद्रनाथ ठाकूरांनीं ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकांत चरखापूजेवर टीका केली. सर्वांनीं एकच क्रिया यंत्रवत् करीत राहिल्यास बुद्धीचें तेज मंदावेल, ही त्यांची भीति. गांधीजींनीं नोव्हेंबरांत ‘यंग इंडिया’ मधून उत्तर दिलें. ज्यांना दुसरें काम आहे त्यांनीं तें सोडून चरखा धरावा असें आपण म्हणत नाहीं. प्रत्येकानें थोडा वेळ द्यावा आणि ज्यांना कामच नाहीं अशा कोट्यवधि लोकांना तो उद्योग व्हावा, एवढाच आपला आग्रह, असा त्याचा आशय होता. वाद मिटला नाहीं. पण दोघांचेंहि म्हणणें आजहि विचारार्ह वाटतें.

चरख्याची सुधारणाहि चालूच होती. १९२९ सालीं चरखा संघानें एक लाख रुपयांचें बक्षीस लाविलें. चरखा हलका असावा, झोंपडींत हातानें अगर पायानें चालावा, एका स्त्रीला तो आठ तास फारसे कष्ट न होतां चालवितां यावा, किंमत दीडशें रुपयांच्या आंत असावी आणि तो वीस वर्षें टिकावा, अशा अटी होत्या. किर्लोस्कर बंधूंनींहि त्यासाठीं यंत्र तयार केलें. पण सर्व अटी कोणाच्याच यंत्राला उतरल्या नाहींत आणि बक्षीस तसेंच राहिलें. लोकांच्या हातीं गेला तो दुसराच, पेटींत मिटणारा चरखा. १९३० नंतरच्या कारावासांत पुण्याच्या येरवडा तुरुंगांत गांधीजींचे जे प्रयोग चालले, त्यांवरून त्याला ‘येरवडा चक्र’ हें नांव मिळालें. एका मोठ्या चाकानें लहान चाक व लहान चाकानें चाती फिरवावयाची. काम संपलें कीं सारें मिटून बगलेंत मारावयाचें. रहाटाला पडवी लागत होती. याला गाडींतला बांक किंवा तुरुंगाची खोली पुरे. टकळीला तर तेवढीहि जागा नको. म्हणूनच १९३७ सालीं वर्ध्यास मूलोद्योग शिक्षणाची कल्पना पुढें आली, तेव्हां मुलांच्या हातीं प्रथम टकळी देण्याचें ठरलें.

तुरुंगांत कातलेल्या सुताला घरची वाट सांपडे. जवाहरलाल नेहरूंनीं कारावासांत कातलेल्या सुताची साडी नेसून त्यांच्या कन्येचें १९४२ च्या मार्चांत लग्न लागलें. १९४७ सालीं ब्रिटिश राजकन्या एलिझाबेथ हिच्या विवाहानिमित्त गांधीजींनीं पाठविलेली भेट म्हणजे त्यांच्याच सुताचें एक जाळीदार विणलेलें वस्त्र होतें. ज्या देशाच्या यंत्रांनीं रहाट बंद पाडला, त्याच देशाच्या राजघराण्यांत रहाटाचा धागा आहेर म्हणून गेला!

पुढें स्वतंत्र भारतांत अनेक चात्यांचा अंबर चरखा आला, १९५७ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला आणि कातणें पुन्हां बव्हंशीं रोजगाराच्या हिशेबांत गेलें. घरांतल्या अर्ध्या तासाचें कातणें विरळ झालें. तरी तें अजिबात थांबलें नाहीं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत, १९३८ पासून, या चरख्यांची कुळी पाहावयास मिळते. ज्याला हौस आहे त्याचा हात तेथें चाकाकडे वळल्यावांचून राहत नाहीं.

बाजाराच्या तराजूंत घालून पाहिलें तर या फावल्या वेळच्या सुताचें मोल अगदीं थोडें; तेंच कापड गिरणी कितीतरी स्वस्तांत देते. पण त्या काळच्या माणसांनीं तें निराळ्या मापानें मोजलें. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं पुण्याच्या आगाखान महालांत, कैदेंतच, कस्तुरबांनीं देह ठेवला. अखेरच्या प्रवासाला निघतांना त्यांच्या अंगावर जी साडी होती तिचें सूत त्यांच्या पतीनें स्वतः कातलेलें होतें. बासष्ट वर्षांच्या संसारांतले कित्येक अर्धे तास त्या वस्त्राच्या ताण्याबाण्यांत होते; त्यांचा भाव कोणत्या बाजारांत ठरावा?