हा रस्ता इतका शांत कसा झाला?

हा भाग ऐकण्याऐवजी ज्यांनी वाचायला घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. स्पॅनिश नावं उच्चारताना मी दोन-तीनदा अडखळले होते, तेवढं गाळलंय. बाकी सगळं तेच.

सुरुवात माझ्याच एका रीलपासून करते. स्पेनच्या उत्तरेला पिरेनीज पर्वत आहे, पलीकडे फ्रान्स. अलीकडच्या बाजूला आरागोन प्रांत, त्यात ऊएस्का जिल्हा आणि त्यात आइन्सा नावाचं दगडी घरांचं जुनं गाव. तिथे मी भाड्याने सायकल घेतली. पहिल्याच सकाळी आनिस्क्लो दरीच्या रस्त्याला लागले. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी, आणि रस्ता एवढा अरुंद की काही भागात गाड्यांना फक्त एकाच दिशेने जायची परवानगी आहे. म्हणजे समोरून काही येणारच नाही! पुण्यात सायकल चालवणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख काय असणार? मी मोबाइल हँडलला लावला, रील काढली आणि खाली लिहिलं, ‘इथे कुणीच नाही. स्वर्ग!’

संध्याकाळी त्या ओळीची मला लाज वाटली. का, ते सांगण्यासाठीच हा भाग.

आधी रस्ता समजून घ्या, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोगही होईल. आइन्साहून उत्तरेला एस्कालोना, तिथून आनिस्क्लोची दरी चढत फानलो, मग उतारावरून सार्विसे. इथे आपण दुसऱ्या खोऱ्यात शिरतो, ते आरा नदीचं. आराच्या कडेने फिस्काल, मग बोल्तान्या आणि परत आइन्सा. पूर्ण फेरी ऐंशी-नव्वद किलोमीटरची. चढ आहे, पण आपल्या घाटांची सवय असेल तर जमतं. सायकलला ओलांडताना गाडीवाल्याने किमान दीड मीटर अंतर सोडलंच पाहिजे, असा तिथला कायदा आहे आणि मला तरी तो पाळलेला दिसला. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. आराच्या कडेचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे आणि सुट्टीत तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते.

तर या आरा नदीच्या काठी, फिस्काल आणि बोल्तान्याच्या मध्ये, पलीकडच्या तीरावर मला एक गाव दिसलं. स्पेलिंगमध्ये ‘जे’ आहे, पण उच्चार हानोवास. लांबून वाटलं, एखादा जुना किल्ला पडलाय. छपरं नाहीत, भिंती अर्ध्या, खिडक्यांच्या जागी भोकं. पूल ओलांडून आत गेले, तर पडक्या भिंतीला लागून एक अगदी नवं घर. दारापुढे दोरी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. पलीकडे सिमेंटच्या गोण्या. पडलेल्या गावात नवं घर कोण बांधतंय?

उत्तरासाठी साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा स्पेनवर जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. १९३९ ते १९७५, म्हणजे तो मरेपर्यंत. त्याच्या राजवटीला धरणांचं भारी वेड. सिनेमाघरात पिक्चरच्या आधी सरकारी बातमीपट दाखवणं सक्तीचं होतं, आणि त्यात फ्रँको सतत कुठल्या ना कुठल्या धरणाचं उद्घाटन करताना दिसायचा. लोक दबक्या आवाजात त्याला ‘पाको बेडूक’ म्हणायचे. पाको हे फ्रान्सिस्को या त्याच्या नावाचं लाडकं रूप, आणि बेडूक कशाला, तर सारखा पाण्यापाशी!

आरा नदीवर हानोवासजवळ असंच एक मोठं धरण ठरलं. वीज हवी होती, खालच्या मैदानात शेतीला पाणी हवं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात झाली. हानोवासबरोबर लाकोर्त आणि लावेलिया ही गावंही रिकामी होणार होती. आपल्याकडे अशा माणसांसाठी एक तयार शब्द आहे, धरणग्रस्त. पुढचं त्यामुळे तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही. फक्त पद्धत ऐका. एखादं कुटुंब घर सोडून गेलं की वीज कंपनीची माणसं ते घर सुरुंगाने उडवायची. का? परत येता येऊ नये म्हणून. शेजारच्या घरात माणसं राहत असली तरी. झाडं तोडली, शेताला पाणी नेणारे पाट मोडले.

तरी काही कुटुंबं हलेनात. पोरं शाळेत जात होती, आणि शाळा चालू आहे तोवर गाव चालू आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये कंपनीच्या माणसाने शाळेचं दार लाथेने तोडलं, शिकवत असलेल्या बाईंना केसांना धरून बाहेर ओढलं, मुलांनाही बाहेर काढलं. वर्ग भरलेला असताना. शाळा संपली. ज्यांच्या घरी लहान मुलं होती, ते आता कसे राहणार?

एक कुटुंब मात्र राहिलं. आजूबाजूला सगळं गाव ढासळत असताना त्यांनी शेती केली, जनावरं सांभाळली. १९८४ पर्यंत! फ्रँको मरून नऊ वर्षं झाली होती, देशात लोकशाही आली होती, निवडणुका झाल्या होत्या. तरीही शेवटी त्यांना बाहेर काढलंच.

आणि धरण? ते झालंच नाही.

हो, बरोबर वाचलंत. वर्षानुवर्षं ते कागदावर राहिलं. २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून त्याला नकार मिळाला आणि त्यानंतर काही वर्षांनी प्रकल्प रीतसर रद्द झाला. आरा आजही वाहतेय, पिरेनीजमधल्या मोठं धरण नसलेल्या मोजक्या नद्यांपैकी ती एक. सायकलवरून तिचं हिरवट-निळं पाणी बघताना मला जो आनंद झाला, त्याचा हिशेब असा आहे.

रस्त्याचाही हिशेब आहे. जे खोरं पाण्याखाली जाणार, तिथल्या रस्त्यावर पैसे कोण घालणार? त्यामुळे हा तुकडा वर्षानुवर्षं जुना, अरुंद, वळणावळणांचाच राहिला. सायकलवाल्यांना तो ‘कॅरेक्टर असलेला’ वाटतो. रुंदीकरणाचं काम अलीकडे हाती घेतलंय, तेव्हा निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते बघा.

सगळी गावं धरणाने संपवली असं मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९५९ नंतर स्पेनची अर्थव्यवस्था खुली झाली, बार्सिलोना आणि बिल्बाओचे कारखाने माणसं खेचू लागले, आणि डोंगरातली तरुण पोरं स्वतःहून निघाली. मेंढ्यांमागे आयुष्य काढण्यापेक्षा पगार बरा, यात चूक काय? पण सरकारने त्या ओघाला हातभारही लावला. आराच्याच बाजूला ला सोलाना नावाचा डोंगरउतार आहे. तिथली बुर्गासेसारखी गावं वनखात्याने विकत घेतली आणि शेतांमध्ये पाइनची झाडं लावली, म्हणजे माती वाहून धरणात गाळ साचू नये! आइन्साच्या दक्षिणेला मेदियानोचं धरण तर झालंच. १९६९ मध्ये पाणी चढलं आणि गाव बुडालं. सोळाव्या शतकातल्या चर्चचा मनोरा अजून पाण्यातून वर आलेला दिसतो. त्याच्यासमोर लोक सेल्फी काढतात. मीही काढलाय.

आज ऊएस्का जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला साधारण १४ माणसं राहतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हा आकडा ३६५ होता. २०१६ मध्ये सेर्खिओ देल मोलिनो या लेखकाचं पुस्तक आलं. त्याने या भागाला नाव दिलं ‘एस्पान्या वाथीया’, म्हणजे रिकामा स्पेन. नाव गाजलं. पण गावाकडच्या लोकांना ते पुरेसं वाटेना. ते म्हणू लागले ‘वाथियादा’, म्हणजे रिकामा केलेला. ३१ मार्च २०१९ ला हे लोक हजारोंनी माद्रिदच्या रस्त्यावर उतरले. दवाखाना द्या, रेल्वे द्या, इंटरनेट द्या, अशा साध्या मागण्या होत्या. मला विचाराल तर त्या ‘दा’मध्ये हानोवासची अख्खी गोष्ट आहे. माझ्या रीलमध्ये तो ‘दा’ नव्हता.

आता त्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे येते. प्रकल्प रद्द झाल्यावर जुन्या गावकऱ्यांनी आणि त्यांच्या मुलांनी जमिनी परत मागितल्या. फुकट मिळाल्या नाहीत! पूर्वी मिळालेली भरपाई वाढीव हिशेबाने परत करा आणि घ्या, असा मामला. घेतलं काय होतं, घर. परत काय मिळालं, दगडांचा ढीग. तरी लोक आले. सुट्टीच्या दिवशी येऊन ढिगारे उपसले, झुडपं तोडली, एकेक भिंत उभी केली. विजेसाठी मोडलेल्या या गावात परतलेल्या लोकांनाच वीज मिळायला पुन्हा कित्येक वर्षं थांबावं लागलं. चर्चचं कोरीव दगडी दार सुरक्षित राहावं म्हणून मधल्या काळात फिस्कालच्या चर्चला नेऊन बसवलं होतं. वाटेत कॉफीला थांबाल तेव्हा ते बघून घ्या.

रील मी काढून टाकली नाही, खालची ओळ बदलली.

पुढच्या भागात स्पेनमधल्याच बंद पडलेल्या रेल्वेमार्गांकडे जाऊ. रूळ उखडून त्यांच्या सायकलवाटा केल्यात, १९९३ पासून तीन हजारांहून जास्त किलोमीटर. चढ अगदी हलका असतो, इंजिनाला झेपेल एवढाच, त्यामुळे नवशिक्यांनीही ऐकायला हरकत नाही. तोवर कुणी हानोवासला पोचलंच, तर पुलापाशी सायकलवरून उतरा आणि चालत आत जा. तिथे लोक राहतात.