तटबंदीचे बऱ्हाणपूर
नरडाण्याहून तापीखोऱ्याच्या गाडीने भुसावळ गाठून, तेथून खंडव्याकडची गाडी धरून सहकुटुंब बऱ्हाणपूर पाहावयास जाणाऱ्या गृहस्थास, ज्या फारुकी सुलतानांनी प्रथम तापीकाठच्या थाळनेरात आपले बस्तान बसविले त्यांनीच पुढे हे शहर वसविले, एवढे ठाऊक असले तरी प्रवासाची गोडी वाढते. १६०१ साली असीरगड पडला आणि फारुकींचा अंमल संपून हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. मुमताजमहल १६३१ मध्ये येथेच निवर्तली. विटांचा तट मात्र बराच मागाहूनचा, निजामउल्मुल्काने १७३१ साली बांधविलेला. मुले शनवारा दरवाजाशी रेंगाळतात, रेंगाळोत बापडी. वडीलधाऱ्यांनी जामा मशिदीतील अरबी लेखासोबत कोरलेला संस्कृत शिलालेख अवश्य निरखावा, कारण सृष्टिकर्त्यास वंदन करून त्यात याच फारुकींची वंशावळ दिलेली आहे.