धबधब्याची वाट कुणाची?

पाऊस सुरू झाला की इन्स्टावर एकच गोष्ट दिसते: धबधबा, आणि त्याच्याखाली भिजत उभा असलेला आपलाच एखादा मित्र. आज अशाच एका धबधब्याची गोष्ट सांगणार आहे. पण धबधब्यापेक्षा तिथं जाणाऱ्या वाटेची जास्त.

शिराळ्याहून कोकरूड, चरण करत आरळ्याला यायचं. तिथं वारणा ओलांडली की जिल्हा बदलतो, आपण सांगलीतून कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात शिरतो. शित्तूर मागं टाकलं की पुढं उखळू. गावात गाडी लावायची आणि चालू लागायचं. ट्रेकिंगचा अनुभव नसला तरी जमतं. झाडीतून, ओढ्याच्या कडेकडेनं जायचं. दगड शेवाळलेले असतात, म्हणून पाय जपून टाकायचा. जळवांसाठी खिशात मीठ ठेवायचं. वर जोराचा पाऊस चालू असेल तर ओढ्यात उतरायचं नाही. मग कड्यावरनं कोसळणारं पाणी दिसतं. चांदोलीच्या डोंगरातलं हे पाणी पुढं वारणेलाच मिळतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं गेलो होतो. त्यातल्या एकाच्या आजोबांचं गाव एकेकाळी चांदोलीच्या जंगलात होतं. आता ते खाली वसाहतीत राहतात. परत आल्यावर त्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून सगळे बघितले आणि म्हणाले, "आमी रानात गेलो की गुन्हा, तुमी गेला की सहल व्हय?" आम्ही हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातनं जाईना. म्हणून हा भाग.

तर रानात जाणं गुन्हा कधीपासून झालं? 1878 साली इंग्रज सरकारनं वन कायदा केला. जंगलांचे प्रकार पाडले, त्यातलं 'राखीव' म्हणजे सरकारच्या हातातलं. 1927 साली नवा कायदा आला. राखीव जंगलात झाड तोडणं, गुरं चारणं तर सोडाच, परवानगीशिवाय नुसतं आत शिरणं हाही गुन्हा. आपल्या भाषेत सांगायचं तर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडं फुल ॲक्सेस होता, त्यांचं लॉगिनच बंद केलं. सरपण, चारा, नांगराचं लाकूड, सगळं त्याच रानातनं यायचं. ते बंद म्हणजे चूल आणि शेती दोन्ही अडली.

याचं उत्तर 1930 साली आलं. तिकडं दांडीला मीठ उचललं गेलं. पण आपल्या डोंगरात समुद्र कुठला? इथं लोकांनी जंगलाचा कायदा मोडायचा ठरवला. शिराळ्याजवळच्या बिळाशीत बाबूराव चरणकरांच्या पुढाकारानं लोक एकत्र आले. सरकारी रानातला साग तोडला आणि त्याचीच काठी करून गावात तिरंगा उभारला. विचार करा, एकाच लाकडानं दोन कायद्यांना आव्हान! झेंडा राखायला बायकाही पुढं होत्या, राजूताई कदम आणि मुक्ताबाई साठे ही त्यातली दोन नावं. सप्टेंबरमध्ये पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं मेली. पुस्तकात याला 'बिळाशीचा जंगल सत्याग्रह' म्हणतात, आपल्याकडं 'बिळाशीचं बंड'. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच बरं का, हा सगळा भाग साताऱ्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं.

स्वातंत्र्य आलं, पण 1927 चा कायदा तसाच राहिला. पुढं वारणेवर चांदोलीचं धरण झालं, 34.40 टीएमसीचं. आज आपल्या उसाला, घरातल्या नळाला त्याचं पाणी आहे. 1985 साली चांदोली अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आणि 2012 साली पश्चिम घाटाबरोबर थेट जागतिक वारसा. सुमारे 317 चौरस किलोमीटरचं रान राखलं गेलं. पण आतली गावं उठली. झोळंबी, गोठणे, निवळे ही नावं आज उद्यानाच्या नकाशावर आहेत, चुली मात्र खाली वसाहतींत पेटतात. काहींना जमीन मिळाली, काहींना मिळवायला श्रमिक मुक्ती दलाबरोबर वर्षानुवर्षं ठिय्या मारावा लागला.

मला काय म्हणायचंय, जंगल राखायला नको होतं असं अजिबात नाही. ते राखलं म्हणूनच गवे, अस्वलं आणि आपला तो स्वच्छ धबधबा शिल्लक आहे. पण त्याची किंमत आपण भरलेली नाही. ती आजोबांनी भरली. आपण फक्त पेट्रोल भरलं.

म्हणून पुढच्या वेळी उखळूला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. चहा-नाश्ता गावातच घ्या, चार पैसे तिथं राहू देत, आणि प्लास्टिक आपल्याबरोबर परत आणा. दुसरं, तुमच्या घरात किंवा ओळखीत चांदोलीतून उठलेल्या गावचं कुणी असेल, तर गावातली वाट कुठनं कुठं जायची हे त्यांना विचारा. फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. आम्ही आजोबांचं रेकॉर्डिंग सुरू केलंय. पहिलाच दीड तास नुसता देवळापासून ओढ्यापर्यंतच्या वाटेवर गेला.

भेटू पुढच्या भागात. पाय जपून टाका!