काडी उलटी का पुरायची?

निफाडजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग. मी नववीत असताना काकांनी खुंटासाठी डॉगरिजच्या काड्यांच्या जुड्या आणल्या, गोणपाटात गुंडाळून पत्र्याच्या शेडमध्ये टाकल्या आणि आम्ही सगळे लग्नाला गेलो. चार दिवसांनी आलो तर गोणपाट कोरडं ठाक. काड्या दिसायला ताज्याच होत्या, म्हणून लावल्या. शंभरात वीसही फुटल्या नाहीत. एका एकराची लागण वर्षभर पुढे गेली. सोसायटीचा हप्ता काही पुढे गेला नाही.

डॉगरिज हे नाव मला तेव्हा गमतीचं वाटायचं. ते टेक्ससमधल्या बेल काउंटीतल्या एका जागेचं आहे, हे फार उशिरा कळलं. तिथली ही रानवेल निवडली थॉमस व्हॉल्नी मन्सन यांनी. डेनिसन गावात रोपवाटिका चालवणारा हा माणूस घोड्यावरून, रेल्वेनं हिंडत रानद्राक्षं गोळा करायचा.

तिकडे फ्रान्समध्ये 1860च्या दशकात वेली वाळायला लागल्या होत्या. 1868मध्ये प्लांशों यांनी मुळं उपटून पाहिली, तेव्हा त्यांवर बारीक पिवळे किडे सापडले: फायलोक्सेरा. किडा अमेरिकेतून आलेला, आणि त्याला दाद न देणारी मुळंही अमेरिकेतच. मग अमेरिकी खुंटावर फ्रेंच कलम, हा उपाय ठरला. 1887मध्ये पिएर व्हिआला चुनखडीच्या जमिनीत टिकेल असा खुंट शोधत टेक्ससला आले, मन्सनना भेटले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारनं मन्सन यांचा सन्मान केला. कोन्याक आणि डेनिसन आज भगिनी-शहरं आहेत, ती त्यामुळेच.

पण अटलांटिकपलीकडे काडी जिवंत पोचायची कशी? इथे थंडीनं हात दिला. पानगळ झालेली वेल झोपलेली असते. तेव्हा काढलेल्या काडीत पिष्टाचा साठा भरलेला असतो आणि पानं नसल्यानं पाणीही कमी उडतं. जुड्या बांधून ओलसर वाळूत किंवा भुशात, थंड तळघरात ठेवल्या की काही महिने टिकतात. खालचा काप सरळ, वरचा तिरका, म्हणजे शेंडा-बूड चुकत नाही.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र वेगळी. जुडी चरात उलटी पुरायची, बूड वर. वसंतात ऊन आधी वरची माती तापवतं, म्हणून बुडाशी गाठ धरते, तिथूनच पुढे मुळं फुटतात. डोळे खाली गारव्यात झोपून राहतात. डोळे आधी उठले की साठा संपवतात आणि मुळं फुटायच्या आतच काडी मरते.

आपल्याकडे वेलीला अशी झोपच नाही. एप्रिलला खरडछाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, वेल बाराही महिने जागी. त्यात डॉगरिजच्या काडीला मुळं मुळातच नाखुशीनं फुटतात. पण खारं पाणी आणि दुष्काळ सोसते, म्हणून नाशिक-सांगलीकडे तिच्याशिवाय भागत नाही. त्यामुळे काडी काढली की सावली, ओलं गोणपाट, रात्रभर पाण्यात बूड, आणि शक्य तितक्या लवकर मातीत.

काकांचं आता ठरलेलं आहे. जुड्या आल्या की आंब्याखाली, आणि मोबाइलवर दर तीन तासांचा गजर. गेल्या वर्षी एका साखरपुड्यात तो ऐन अंगठी घालताना वाजला. काकू अजून बोलतात त्यावरून.