चांदा मिशन: मदत कुणाची, निर्णय कुणाचा?

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. गडचिरोलीही १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने इथे मिशन सुरू केले. चांद्यात अनेक वर्षे काम केलेले अ‍ॅलेक्स वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. काम इथले, पण सूत्रे परदेशी पाद्र्यांच्या हाती.

या रीतीवर बोट ठेवले ते एका भारतीय ख्रिस्ती माणसाने. १९१० च्या एडिनबर्ग मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझराया यांनी युरोपीय मिशनऱ्यांना तोंडावर सुनावले: तुमच्या त्यागाची कदर आहे, पण आम्हाला बरोबरीची मैत्री हवी. १९१२ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले, दोर्नकलचे. बल्लारशाहहून काझीपेटमार्गे विजयवाड्याला जाताना हे स्टेशन लागते. नागपूरला मात्र जॉन सादिक यांच्या रूपाने भारतीय बिशप मिळायला १९५७ उजाडले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. आता कारभार इथल्यांचा होता.

हा धडा फक्त ख्रिस्ती बांधवांचा नाही. आपणही वस्त्यांवर राशन, औषधे, वह्या-पुस्तके घेऊन जातो. देणाऱ्या हाताची फजीलत आपल्याला पाठ असते. पण कुरआनात ‘शूरा’ नावाची सूरहही आहे. शूरा म्हणजे मशवरा. ज्यांच्यासाठी काम चालते, ते त्या मशवऱ्यात बसतात का? बसत नसतील, तर ती खैरात झाली, भागीदारी नव्हे.